राउटिंग टेबलातला मार्ग आणि ट्रेसराउटमधला मार्ग जुळत नाही, तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा?

नमस्कार. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीतील काही कारखान्यांना आणि हिंगणा रस्त्यालगतच्या वसाहतींना इंटरनेट जोडणी देणाऱ्या एका छोट्या आयएसपीत तुम्ही काम करता. तुमचे दोन अपस्ट्रीम (तुम्हाला पुढची जोडणी देणारे पुरवठादार) आहेत आणि दोघांकडून तुम्ही पूर्ण बीजीपी टेबल, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना सांगितलेल्या मार्गांची यादी, घेता. एका प्रीफिक्ससाठी, म्हणजे आयपी पत्त्यांच्या एका पट्ट्यासाठी, तुमच्या राउटरच्या टेबलात ६४५०० ६४५०२ ६४५०५ असा एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या जाळ्यांच्या (एएसच्या) क्रमांकांची रांग, आहे. त्याच ठिकाणी ट्रेसराउट (वाटेतल्या राउटरांचे पत्ते टिपणारी तपासणी) घेऊन, मिळालेले आयपी पत्ते स्क्रिप्टने एएस क्रमांकांशी जोडले, तर ६४५००, ६४५१०, ६४५०२ असा क्रम येतो. म्हणजे मध्येच ६४५१० घुसतो आणि शेवटचा ६४५०५ दिसतच नाही. असे तुम्ही शेकडो मार्ग तपासले आणि त्यांतले पुष्कळ जुळले नाहीत. टेबल आणि ट्रेसराउट यांपैकी खोटे कोण बोलते, अपस्ट्रीम आपला ट्रॅफिक सांगितलेल्या मार्गाने नेत नाही का, आणि तसे असेल तर बिलाच्या वेळी हा मुद्दा काढावा का, असे तुम्ही विचारले आहे. (तुमच्या प्रश्नातील खरे क्रमांक बदलून मी उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या ६४४९६ ते ६४५११ या गटातले क्रमांक वापरले आहेत. तुम्हीही पुढच्या वेळी तसेच करावे. ग्राहकांचे आणि पुरवठादारांचे तपशील चारचौघांत मांडण्याची गरज नसते.)

बिलाचा मुद्दा इतक्यात काढू नका, एवढे आधीच सांगून ठेवतो. माझ्या अनुभवात अशा दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी पत्ते एएसशी जोडण्याच्या पद्धतीतच विरून जातात, काही आपल्याच राउटरवर येऊन थांबतात, आणि एखादीच अशी उरते की जी घेऊन समोरच्याला जाब विचारता येईल. त्या एकीपर्यंत पोहोचायचे असेल तर बाकीच्या आधी बाजूला काढाव्या लागतात.

खोटे कोण, याच्या आधीचा प्रश्न असा की या दोन नोंदी नेमके काय सांगण्याचा दावा करतात. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या वेळापत्रकात वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ अशी स्थानके छापलेली असतात. टेबलातला एएस पाथ त्या जातीचा. गाडीत बसलेला माणूस खिडकीतून दिसतील तशा पाट्या वाचून घरी कळवत राहतो, तो ट्रेसराउट. त्याला डुलकी लागली तर काही पाट्या सुटतात, आणि एखादी पाटी भलत्याच नावाची असली तरी तो तीच कळवतो. गाडी कोणत्या रुळांवरून गेली हे दोन्हींवरून अनुमानानेच काढावे लागते. उपमा इथेच सोडतो, कारण रेल्वेचे वेळापत्रक एक संस्था छापते; बीजीपीच्या टेबलातली प्रत्येक ओळ मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याला, त्याने पुढच्याला, अशी आपापल्या धोरणाने गाळून सांगितलेली असते.

एएस पाथ हा प्रवासाचा पुरावा म्हणून बनवलेलाच नाही. तो मुख्यतः दोन कामांसाठी आहे: आपलाच क्रमांक पाथमध्ये दिसला तर ती घोषणा नाकारून फेरा टाळणे, आणि अनेक घोषणांतून एक निवडताना लांबी हा एक निकष म्हणून वापरणे. बीजीपी-४ चे आजचे मूळ दस्तऐवज, म्हणजे २००६ चा आरएफसी ४२७१, वाचले तर शेजाऱ्याने सांगितलेला पाथ खरा आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही सोय त्यात नाही. नंतर आलेली आरपीकेआयवर (पत्त्यांच्या मालकीच्या डिजिटल दाखल्यांवर) आधारलेली मूळ-तपासणी फक्त शेवटचा, म्हणजे घोषणा जिथून निघाली तो एएस त्या प्रीफिक्सचा अधिकृत धनी आहे का एवढेच पाहते. मधल्या क्रमांकांबद्दल ती काही बोलत नाही.

ट्रेसराउटचेही तसेच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी तो लिहिला तो एका चतुर युक्तीवर: पॅकेटचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा) मुद्दाम १, २, ३ असा ठेवायचा, ज्या राउटरवर तो शून्य होईल तो राउटर ‘वेळ संपली’ असा आयसीएमपी संदेश परत पाठवतो, आणि त्या संदेशावरचा प्रेषकाचा पत्ता आपण टिपून घेतो. यात राउटरने उत्तर द्यावे ही अपेक्षा आहे, सक्ती नाही. आणि उत्तरावर कोणता पत्ता लिहायचा हे तो राउटर ठरवतो. एका राउटरला दहा-वीस पत्ते असू शकतात, त्यांतले काही त्याच्या मालकाचे नसतात, आणि तुमच्या प्रकरणातली अर्धी गुंतागुंत इथेच आहे.

आता दिसत नसलेल्या ६४५०५ कडे वळतो, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते. दोन जाळ्यांमधल्या जोडणीला ३० किंवा ३१ बिटांचा छोटा पट्टा लागतो, आणि रीत अशी आहे की तो पट्टा पुरवठादार आपल्या पत्त्यांतून देतो. तुमच्याच अपस्ट्रीमने तुम्हाला दिलेला जोडणीचा पत्ता आठवा. तो तुमचा नाही, त्यांचा आहे. बहुतेक राउटर ज्या इंटरफेसवर (आपल्या ज्या दारावर) पॅकेट आले त्याचा पत्ता उत्तरावर लिहितात. म्हणजे ६४५०५ चा सीमेवरचा राउटर जेव्हा उत्तर देतो तेव्हा त्याच्या हातात ६४५०२ ने दिलेला पत्ता असतो, आणि तुमची स्क्रिप्ट प्रामाणिकपणे तो ६४५०२ च्या खात्यात टाकते. त्या राउटरच्या मागे फायरवॉल असेल आणि ती टीटीएल संपलेल्या पॅकेटांना उत्तर देत नसेल, तर ६४५०५ चा एकही स्वतःचा पत्ता तुमच्यापर्यंत येत नाही. पॅकेट तिथे पोहोचलेले असते, फक्त पोहोचल्याची पाटी दुसऱ्याच्या नावाची असते.

ही एका हॉपची (वाटेतल्या एका टप्प्याची) चूक प्रत्येक सीमेवर होऊ शकते, म्हणून पत्ता कोणाचा यावरून राउटर कोणाचा हे ठरवणे हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा आहे. २००३ मध्ये माओ, रेक्सफर्ड, वांग आणि काट्झ यांनी एएस पातळीवरच्या ट्रेसराउटवर जो अभ्यास मांडला, त्याचा गाभा हाच होता की आधी ही जोडणी दुरुस्त करा, मग तुलना करा. २०१६ मध्ये आलेल्या बीडीआरमॅप या साधनाचाही हेतू जाळ्याची सीमा नेमकी कोणत्या राउटरवर आहे हे अनेक पुराव्यांवरून ठरवण्याचा आहे. शेकडो मार्गांची तुलना तुम्हाला नियमित करायची असेल तर स्वतःची स्क्रिप्ट वाढवत बसण्यापेक्षा अशी तयार साधने शिकून घ्या, असे मी सुचवीन. फक्त एका तक्रारीचा निकाल लावायचा असेल तर कागद-पेन्सिल पुरते.

मध्ये घुसलेल्या ६४५१० बाबत मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ असेच म्हणावे लागेल, आणि ती परिस्थिती कोणती ते सांगतो. पहिली शक्यता इंटरनेट एक्स्चेंजची. मुंबईत निक्सी, डी-सिक्स मुंबई, एक्स्ट्रीम आयएक्स अशी एक्स्चेंज आहेत, आणि तुमचा अपस्ट्रीम तिथे शेकडो जाळ्यांना एकाच सामायिक लॅनवर भेटत असेल. त्या लॅनचे पत्ते एक्स्चेंजचे असतात. ते पत्ते एखाद्या एएसखाली नोंदलेले दिसले तर तो एएस तुमच्या क्रमात पाहुण्यासारखा येऊन बसतो, पण टेबलात तो कधीच दिसत नाही, कारण लॅन हा केवळ स्विच आहे, आणि एक्स्चेंजचा राउट सर्व्हरसुद्धा (सर्वांच्या घोषणा एकमेकांना पोहोचवणारे यंत्र) रिवाजाप्रमाणे पाथमध्ये आपला क्रमांक घालत नाही. एक्स्चेंजच्या लॅनचे पट्टे पीअरिंगडीबी या सामायिक नोंदवहीत उघड दिलेले असतात. ते उतरवून घ्या आणि त्यांत पडणारा पत्ता एएसशी जोडूच नका, त्याला ‘एक्स्चेंज’ एवढीच चिठ्ठी लावा.

दुसरी शक्यता जरा अधिक फसवी आहे. १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये राउटरसाठी असे सांगितले आहे की आयसीएमपी संदेश ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतो त्याचा पत्ता संदेशावर असावा. बहुतेक राउटर हे पाळत नाहीत हे वर म्हटलेच. पण काही पाळतात. समजा ६४५०२ चा एक राउटर ६४५१० या तिसऱ्या जाळ्याचाही ग्राहक आहे, आणि तुमच्याकडे परत येण्याचा त्याचा सोयीचा रस्ता ६४५१० मधून जातो. तुमचे पॅकेट त्याच्याकडे ६४५०० मधून थेट आले. उत्तर मात्र तो ६४५१० कडच्या इंटरफेसमधून पाठवतो आणि त्यावर ६४५१० ने दिलेला पत्ता लिहितो. तुम्हाला वाटते की पॅकेट ६४५१० मधून गेले. ते तिकडे फिरकलेलेही नसते.

या दुसऱ्या प्रकाराने आम्हाला एकदा दोन दिवस झुलवले. सीताबर्डीच्या एका इमारतीत आमचा नियंत्रण कक्ष होता. एका मोठ्या ग्राहकाचा ट्रॅफिक परदेशी जाळ्यातून वळसा घेतो आहे अशी आमची खात्री झाली होती, आणि मी पुरवठादाराला बरेच कडक शब्दांत पत्र लिहिले होते. तिकडच्या एका शांत स्वभावाच्या अभियंत्याने एकच प्रश्न विचारला: त्या हॉपनंतर वेळ किती वाढते? पाहिले तर त्या ‘परदेशी’ हॉपवर १७ मिलिसेकंद होते आणि पुढच्या हॉपवरही १७. परदेशात जाऊन परत यायला प्रकाशाला तेवढा वेळ पुरत नाही, हे मला पत्र लिहिण्याआधी सुचायला हवे होते. पत्र मागे घेतले.

तेव्हापासून माझी तपासण्याची रीत अशी आहे. अनोळखी एएस क्रमात एकाच हॉपपुरता दिसत असेल, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हॉपची वेळ जवळपास सारखी असेल, आणि तो दोन जाळ्यांच्या सीमेवरच असेल, तर तो एक्स्चेंजचा किंवा तिसऱ्याचा पत्ता मानून मी पुढे जातो. तो सलग दोन-तीन हॉप टिकत असेल, वेळ पायरीने वाढत असेल आणि रिव्हर्स डीएनएस नावेही (पत्त्यांवरून मिळणारी राउटरांची नावे) त्याच जाळ्याची असतील, तरच पॅकेट खरोखर त्या जाळ्यात शिरले असे म्हणतो. यात रिव्हर्स नावांवर बेतानेच भरवसा ठेवावा. ‘बीओएम’ म्हणजे मुंबई, ‘एमएए’ म्हणजे चेन्नई, ‘एनएजी’ म्हणजे नागपूर असे विमानतळांचे संकेत नावात बहुधा असतात, पण राउटर हलवला तरी नाव बदलायचे राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहे.

क्रमांकांच्या बाबतीत आणखी एक किरकोळ गोष्ट. एका कंपनीचे अनेक एएस असतात. टाटा कम्युनिकेशन्सचेच पाहा: देशातल्या जाळ्यासाठी, म्हणजे पूर्वीच्या व्हीएसएनएलकडून आलेला, ४७५५ आणि जागतिक जाळ्यासाठी ६४५३. पत्ते एका क्रमांकाखाली आणि घोषणा दुसऱ्या क्रमांकाखाली असे झाले की स्क्रिप्ट त्याला विसंगती म्हणते. अशा भावंडांना एकच समजावे, आणि पाथ लांब दाखवण्यासाठी एकच क्रमांक तीन-चार वेळा चिकटवलेला असतो तो एकदाच मोजावा.

हॉप गाळले जाण्याची कारणे तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून लवकर सांगतो. मोठी जाळी आतला ट्रॅफिक एमपीएलएसमधून, म्हणजे एका प्रकारच्या बोगद्यातून, नेतात आणि टीटीएल आत पोहोचू देत नाहीत, त्यामुळे चार-पाच राउटर गायब होऊन एकच उडी दिसते. टीटीएल पोहोचू दिला असेल तर उलटा गोंधळ होतो: मधल्या राउटरचे उत्तर आधी त्या बोगद्याच्या टोकापर्यंत जाते आणि मग परत येते, म्हणून बोगद्यातल्या सगळ्या हॉपांची वेळ जवळजवळ सारखीच दिसते. ती पाहून घाबरू नये. शिवाय साधा ट्रेसराउट प्रत्येक पॅकेटला वेगळा पोर्ट देतो. वाटेत समान खर्चाचे दोन रस्ते असले की एक पॅकेट डावीकडून, पुढचे उजवीकडून जाते, आणि दोन्ही वाटांचे तुकडे जोडून अस्तित्वातच नसलेली तिसरी वाट तयार होते. २००६ मध्ये आलेला पॅरिस ट्रेसराउट हे पोर्ट स्थिर ठेवतो. तुमची शेकडो मार्गांची मोजणी साध्या ट्रेसराउटने केली असेल तर ती पुन्हा करावी लागेल. वाईट वाटते, पण इलाज नाही.

एवढे सगळे बाजूला काढल्यावर जे उरते तिथून माझ्या मते खरे काम सुरू होते, आणि ते आधी स्वतःच्या राउटरपासून करावे. बीजीपीचे टेबल आणि प्रत्यक्ष पॅकेट पुढे ढकलणारे फॉरवर्डिंग टेबल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बीजीपीने एक मार्ग निवडला तरी त्याच ठिकाणासाठी स्टॅटिक रूट (हाताने टाकलेला मार्ग) असेल तर तो जिंकतो; पॉलिसी राउटिंग (खास नियमांनी वाट ठरवणे) लावले असेल तर टेबलाला कोणी विचारतच नाही; आणि नेक्स्ट हॉपपर्यंत, म्हणजे पुढच्या राउटरपर्यंत, कसे जायचे हे तर आतला वेगळा प्रोटोकॉल ठरवतो. आमच्याकडे एका सुट्टीच्या दिवशी बिघाड झाल्यावर कोणीतरी एक स्टॅटिक रूट तात्पुरता टाकला होता. तो अकरा महिने तसाच राहिला. त्या काळात बीजीपीचे टेबल पाहून आम्ही ट्रॅफिकची वाटणी आखत होतो आणि एका मोठ्या प्रीफिक्सचा ट्रॅफिक निमूटपणे दुसऱ्याच दोरीवरून जात होता. म्हणून ‘शो बीजीपी’ या आज्ञेने मिळालेली ओळ पाठवून समोरच्याला प्रश्न विचारण्याआधी त्याच पत्त्यासाठी फॉरवर्डिंग टेबल काय म्हणते ते पाहा, आणि नोंद घेताना दोन्ही लिहा.

यातच क्षमतेचा प्रश्न येतो. आयपीव्ही४ चे पूर्ण टेबल आज १० लाख नोंदींच्या आसपास आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ते ५,१२,००० च्या पुढे गेले तेव्हा जुन्या राउटरांच्या हार्डवेअर स्मृतीची मर्यादा ओलांडली गेली आणि जगभर अनेक ठिकाणी जोडण्या लडखडल्या. छोट्या जाळ्यांनी तेव्हापासून एक तडजोड रूढ केली: महत्त्वाचे तेवढे मार्ग ठेवायचे आणि बाकीचे सगळे डिफॉल्ट रूटवर सोडायचे. तडजोड योग्य आहे, मी स्वतः ती केली आहे. पण वाटेतल्या एखाद्या जाळ्याने ती केली असेल तर टेबलात ज्याचा मागमूस नाही अशा दिशेने पॅकेट जाऊ शकते, आणि कोणत्याही घोषणेत ते दिसणार नाही.

नंतर पाहायचे ते प्रीफिक्सच्या लांबीकडे. राउटर नेहमी सर्वांत नेमका, म्हणजे लांब प्रीफिक्स निवडतो, आणि ही निवड वाटेतला प्रत्येक राउटर आपापल्या टेबलानुसार नव्याने करतो. तुमच्या टेबलात २२ बिटांची नोंद असेल आणि अपस्ट्रीमच्या टेबलात त्याच पट्ट्याच्या पोटातली २४ बिटांची नोंद वेगळ्या दिशेने असेल, तर तुमच्या दारातून पॅकेट बरोबर निघेल आणि पुढच्या चौकात वळेल. याचे जगाला दिसलेले उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चे. यूट्यूबची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ अशी होती; पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी २०८.६५.१५३.०/२४ ही घोषणा केली, ती तिच्या अपस्ट्रीममार्फत बाहेर पसरली, आणि दोन तासांहून थोडा अधिक काळ जगातला बराच ट्रॅफिक तिकडे वळला. त्या वेळी एखाद्याने फक्त २२ बिटांची ओळ पाहिली असती तर त्याला पाथ अगदी बरोबर दिसला असता. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तुलना ‘प्रीफिक्स’ने होते की नेमक्या आयपी पत्त्याने, हे मला तुमच्या वर्णनातून कळले नाही. ती पत्त्याने व्हायला हवी, आणि शक्य असेल तर अपस्ट्रीमच्या लुकिंग ग्लासवर (त्यांचे टेबल बाहेरच्यांना दाखवणाऱ्या पानावर) तोच पत्ता टाकून त्यांच्याकडची सर्वांत लांब नोंद पाहायला हवी.

तुम्ही काही मार्गांसाठी राउटव्ह्यूज आणि राइप आरआयएस यांच्या संग्रहातली टेबले वापरल्याचे लिहिले आहे. हे संग्रह मोलाचे आहेत, पण तिथे दिसतो तो एखाद्या जाळ्याच्या एका राउटरने सांगितलेला मार्ग. मोठ्या जाळ्याचा मुंबईतला राउटर आणि सिंगापूरमधला राउटर एकाच ठिकाणासाठी वेगवेगळी दारे निवडतात, कारण प्रत्येकाला ट्रॅफिक आपल्या जवळच्या दारातून बाहेर ढकलायचा असतो. संग्रहाला सिंगापूरच्या राउटरने सांगितलेला पाथ आणि तुमचा मुंबईतून गेलेला ट्रेसराउट यांची तुलना करून विसंगती काढली, तर ती विसंगती जाळ्याची नाही, तुम्ही लावलेल्या जोडीची आहे. वेळेचेही तसेच: राउटव्ह्यूजचे पूर्ण टेबल दर २ तासांनी आणि आरआयएसचे दर ८ तासांनी साठवले जाते. सकाळचे टेबल आणि दुपारचा ट्रेसराउट यांच्या मध्ये एखादी केबल तुटून जोडलीही गेलेली असते. मधले बदल त्या संग्रहांतच वेगळ्या फायलींत असतात. ते लावून टेबल त्या मिनिटापर्यंत आणता येते. पण तुमच्यापुरते बोलायचे तर स्वतःच्या सीमेवरच्या राउटरचेच टेबल ट्रेसराउटच्या क्षणी टिपून ठेवणे अधिक सोपे आणि अधिक खरे.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आपल्या शहरात बसून काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळते आणि जिच्याबद्दल एएस पाथ पूर्ण मौन पाळतो: अंतर. धरमपेठेतल्या आमच्या एका ग्राहकाचे कार्यालय आणि सीताबर्डीत दुसऱ्या आयएसपीवर असलेला त्याचा सर्व्हर यांत चालत जाण्याइतके अंतर होते. टेबलातला पाथही छोटाच. पिंगची वेळ मात्र ३५ मिलिसेकंद. ट्रेसराउट पाहिल्यावर उलगडा झाला: आमचा अपस्ट्रीम आणि त्यांचा अपस्ट्रीम यांची गाठ मुंबईतच पडत होती, त्यामुळे पॅकेट मुंबईला जाऊन नागपूरला परत येत होते, आणि उत्तरही तसेच. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई रेल्वेमार्गाचे अंतर सुमारे ८४० किलोमीटर धरले तर चार एकेरी फेऱ्यांचे ३,३६० किलोमीटर होतात, म्हणजे कमीत कमी १७ मिलिसेकंद; तंतू सरळ जात नाही आणि उपकरणेही वेळ घेतात, म्हणून ३५ मध्ये आश्चर्य काहीच नव्हते. इथे टेबल खरे होते, ट्रेसराउट खरा होता, दोन्ही जुळतही होते, आणि ग्राहकाची तक्रारही रास्त होती. तुमच्या स्क्रिप्टने या मार्गाला ‘जुळतो’ असा शेरा दिला असता. म्हणून जुळणीच्या आकड्यापेक्षा वेळेचा आकडा मला नेहमी अधिक बोलका वाटतो.

वेळेचे आकडे वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतो, वेळ मात्र जाण्या-येण्याची असते, आणि येण्याची वाट निराळी असू शकते. इंटरनेटवर ती निराळी असणे हाच नियम समजा. एखाद्या हॉपवर वेळ अचानक ६० मिलिसेकंदांनी वाढली तर त्या जोडणीवर ताण आहे असा अर्थ लगेच काढू नका. कदाचित त्या जाळ्याचे उत्तर तुमच्या दुसऱ्या अपस्ट्रीमकडून, सिंगापूरमार्गे येत असेल. याची खात्री करायची तर समोरच्या बाजूने तुमच्याकडे ट्रेसराउट घ्यावा लागतो. समोर ओळखीचे कोणी नसेल तर त्या जाळ्यात राइप ॲटलासचा प्रोब (दूरवरून मोजणी करू देणारे छोटे यंत्र) आहे का ते पाहा. असल्यास त्यावरून तुमच्या पत्त्याकडे मोजणी मागवता येते, आणि आपल्याकडे एक प्रोब चालवला की त्यासाठी लागणारे गुण हळूहळू जमा होतात.

दोन्ही नोंदींच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमचेही दोन अपस्ट्रीम आहेत. आमचेही दोन होते, दोन वेगळे एएस, दोन वेगळे पाथ, ट्रेसराउटमध्ये एकही हॉप सामायिक नाही. वरिष्ठांना दाखवलेल्या तक्त्यात ते फार शोभून दिसत असे. एका पावसाळ्यात वर्ध्याच्या पुढे रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि दोन्ही अपस्ट्रीम एकाच मिनिटाला गेले. चौकशीअंती समजले की दोघांनीही मुंबईपर्यंतची क्षमता एकाच तिसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतली होती, आणि ती कंपनी दुसऱ्या स्तरावर, म्हणजे आयपीच्या खाली, नुसती तार पुरवत होती. तारेला टीटीएल नसतो आणि एएस क्रमांकही नसतो. टेबल कितीही बारकाईने ताडले असते तरी हे कळले नसते. करार करताना विचारायला हवे होते. आता मी प्रत्येक अपस्ट्रीमकडे मुंबईपर्यंतच्या मार्गाचा नकाशा लेखी मागतो. काही देतात, काही टाळतात, आणि टाळण्यावरूनही बोध होतो.

तुमच्या मूळ प्रकरणाकडे परत येतो. वर सांगितलेल्या गोष्टींवरून माझा अंदाज असा आहे की ६४५०५ न दिसणे हे सीमेवरच्या पत्त्याचे प्रकरण आहे, आणि ६४५१० हा एक्स्चेंजचा किंवा तिसऱ्याचा पत्ता असण्याची शक्यता अधिक आहे. अपस्ट्रीमवर आळ घेण्याजोगे मला त्यात काही दिसत नाही. तुम्ही दिलेल्या क्रमात प्रत्येक एएसचे किती हॉप होते आणि त्यांच्या वेळा काय होत्या हे नव्हते, म्हणून अंदाज म्हणतो, निकाल नाही. उद्या त्याच पत्त्यासाठी चार गोष्टी एकाच पाच मिनिटांत टिपा: तुमच्या सीमेवरच्या राउटरचे बीजीपी टेबल, त्याच राउटरचे फॉरवर्डिंग टेबल, पोर्ट स्थिर ठेवून घेतलेला ट्रेसराउट सर्व वेळांसह, आणि अपस्ट्रीमच्या लुकिंग ग्लासवर त्या पत्त्याची सर्वांत लांब नोंद. ट्रेसराउट राउटरवरून न घेता ग्राहकाच्या बाजूच्या एखाद्या यंत्रावरून घ्या, कारण राउटरने स्वतः तयार केलेली पॅकेटे पॉलिसी राउटिंगला बऱ्याचदा चुकवतात आणि मग तुम्ही जी वाट मोजता ती ग्राहकाची नसते.

ते चारही तुकडे, खरे पत्ते झाकून, इथे टाकलेत तर ६४५१० बाबत मला ठामपणे सांगता येईल. तो सलग दोनहून अधिक हॉप टिकतो आणि त्याच्यापाशी वेळ चढते असे निघाले, तर अपस्ट्रीमला लिहायच्या पत्राचा मसुदा करायला मी मदत करीन. त्यात बिलाचा विषय पहिल्या ओळीत नसावा, एवढीच माझी अट राहील.